बाबांचा फोन मी बंद केला, तो प्रवास

मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं घर, चालवायची हौस माझी. नवऱ्याला नाही आणि बाबांना तर मुळीच नाही. पण सहा आठवड्यांसाठी पुण्याहून आलेल्या माणसाला इंग्लंडात आमच्या बेसिंगस्टोकच्या रिटेल पार्कात किती फिरवणार? स्कॉटलंडच्या पार उत्तरेला किल्डोनन नावाच्या खोऱ्यात एक ओढा आहे. दीडशे वर्षांपूर्वी तिथे सोन्यासाठी शेकडो माणसं तंबू ठोकून राहिली होती आणि अजूनही हौशी लोक वाळू चाळत बसतात, हे कळल्यावर मी लगेच बुकिंग केलं. बाबा जन्माचे सोनार. म्हटलं, यांना सीसाइडपेक्षा हे आवडेल. नवऱ्याला ऐनवेळी रजा मिळाली नाही, म्हणून आम्ही बापलेकच निघालो. इन्व्हरनेसपर्यंत विमान, पुढे गाडी.

"म्हणजे संडास बरोबर घेऊन हिंडायचं?" गाडीत शिरल्याशिरल्या बाबांनी विचारलं.

"तो रिकामा मी करणार आहे. तुम्ही खिडकीतून डोंगर बघा."

ते हसले. पण त्या दिवसांत त्यांच्या मनात एकच गोष्ट घोळत होती, ती म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ, माझे काका. पन्नास वर्षं दोघं एकाच दुकानात मांडीला मांडी लावून बसले. दुकान बंद केलं तेव्हा काकांनी आजोबांची ऐरण आणि हत्यारं बाबांना न विचारता भंगारात देऊन टाकली. त्यावरून बाबा त्यांना नको नको ते बोलले. तेव्हापासून आठ महिने अबोला. दोघं एकापेक्षा एक हट्टी.

"मोठा मी आहे. फोन मीच करायला हवा," पहिल्या संध्याकाळी बाबा आपणहून म्हणाले. "सोनं सापडलं की करतो. म्हणजे बोलायला काहीतरी विषय होईल."

"आणि नाही सापडलं तर?"

"न सापडायला काय झालं? सोनार आहे मी."

दुसऱ्या दिवशी सकाळी समुद्राकाठच्या कॅम्पसाइटवर मी गाडीच्या टाकीत पाणी भरत होते, तेव्हा पुण्याहून आत्याचा फोन आला. काकांना हार्ट अटॅक. आयसीयूत आहेत, डॉक्टर काही सांगत नाहीत.

"दादाला बोलू नकोस हं," आत्या म्हणाली. "प्रवासात आहे तो, त्याची स्वतःची बायपास झालेली. तिकडे डोंगरात काही झालं म्हणजे? इकडे आला की मी सांगेन नीट. सोनारानेच कान टोचलेले बरे."

आमच्याकडे हे असंच असतं. प्रवासातल्या माणसाला वाईट बातमी सांगायची नाही. परदेशातल्याला तर नाहीच नाही. मी इकडे आल्यापासून घरातलं प्रत्येक ऑपरेशन मला टाके काढून झाल्यावर कळलं आहे. दरवेळी मी चिडून फोनवर आरडाओरडा केला आहे. आणि माझी पाळी आली तेव्हा काय केलं? "हो गं आत्या, नाही सांगत," म्हणून मोकळी झाले.

एवढ्यावर थांबले असते तरी ठीक होतं. पण म्हटलं, चुलतभावांपैकी कोणी बाबांना डायरेक्ट फोन केला तर? ते दात घासत होते तेवढ्यात मी त्यांचा फोन घेतला आणि फ्लाइट मोडवर टाकला. शहाणीच मोठी! "इथे रेंजचा प्रॉब्लेम आहे बाबा, डोंगर आहेत ना," असं वर सांगितलं. त्यांनी लगेच विश्वास ठेवला. माझ्यावर त्यांचा होताच.

वाटेतल्या हेल्म्सडेल गावच्या दुकानातून ताटली आणि फावडं भाड्याने घेतलं. बाबा दुकानातल्या म्हाताऱ्या बाईशी खाणाखुणांनी सोन्याच्या गप्पा मारत होते. मी बाहेर माझा फोन उघडला. आत्याचा मेसेज होता. 'शुद्धीवर आहे. दादाला फोन लावा म्हणतोय सारखा. आम्ही सांगितलं, दादा प्रवासात आहे.'

तो मेसेज मी तीनदा वाचला. बाबा चार पावलांवर होते. काचेतून दिसत होते, हसत होते. मी फोन खिशात टाकला. म्हटलं, शुद्धीवर आहेत म्हणजे सुधारतायत. आजचा दिवस यांना आनंदात जाऊ दे, उद्या सांगू.

सोन्यामागे आलेल्या त्या माणसांचं गाव आता नाहीच. नुसतं गवत, मेंढ्या आणि एक पाटी. पण बाबा ओढ्यात पँट गुडघ्यापर्यंत दुमडून जे बसले! लहानपणी दोघा भावांना आजोबा दुकानातला केर धुवायला बसवायचे. तासकाम करताना उडालेला सोन्याचा कण वाया जाऊ द्यायचा नाही म्हणून. तोच हात. बाजूचे दोन गोरे आपली ताटली गदागदा हलवत होते. बाबांची ताटली जेमतेम हलत होती आणि वाळू आपोआप निघून जात होती. चिलटांनी मला फोडून काढलं, यांना पत्ताच नाही.

दोन तासांनी हाक आली. "अगं ए, ये इकडे!" ताटलीच्या कडेला एक पिवळा ठिपका होता. मोहरीच्या अर्ध्याएवढासुद्धा नाही.

"लाव फोन," ते म्हणाले.

"रेंज नाही बाबा."

"मग बोलून ठेवतो. रेंज आली की जाईल ना?" आणि ओढ्यात उभ्याउभ्याच त्यांनी व्हॉइस मेसेज रेकॉर्ड केला. "अरे, सोनं मिळालं बघ. तू असतास तर माझ्याआधी काढलं असतंस. ऐरणीचं सोडून दे. मी नको ते बोललो, चुकलं माझं. आलो की आधी तुझ्याकडे येतो."

मी पाण्यात उभी राहून सगळं ऐकलं. त्या क्षणी सांगायला हवं होतं. आपल्या हाताने त्यांचा फोन चालू करायला हवा होता आणि रेंजसाठी गाडी गावाकडे पळवायला हवी होती. मी काय केलं? त्या ठिपक्याचा फोटो काढला.

काका त्याच रात्री गेले. मला कळलं सकाळी, उत्तरेकडच्या एका अरुंद रस्त्यावर. पुढे रस्त्याकडेला थांबायच्या जागेत गाडी उभी केली आणि सांगून टाकलं. अटॅक, आयसीयू, आत्याचा फोन आणि रात्री काका गेले ते.

बाबांनी सीटबेल्ट काढला.

"बोलत होता?"

खोटं बोलता आलं असतं. जिभेवर आलंही होतं. "हो. काल दुपारपर्यंत. तुम्हाला फोन लावा म्हणत होते."

"आणि माझा फोन?"

"मी बंद केला होता."

"तू?"

"हो."

"मला कोण समजता गं तुम्ही? कुक्कुलं बाळ? माझा भाऊ होता तो! माझ्या छातीचं काय व्हायचं ते माझं मी बघितलं असतं!" एवढा चढलेला आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. मग तो फुटला. ते उठून मागे गेले. बातमी कळली की डोक्यावरून पाणी घ्यायचं असतं. त्या कपाटाएवढ्या बाथरूममध्ये त्यांनी गार पाण्याने अंघोळ केली. पातळ दाराआडून मला त्यांचं रडणं ऐकू येत होतं. मी बाहेर टॉवेल धरून उभी होते. त्यांनी दार उघडून तो घेतला, माझ्याकडे बघितलं नाही.

त्याला आता वर्ष होईल. दर रविवारी फोन होतो. बाबा गोड बोलतात, तिकडे थंडी किती विचारतात. काकांचा विषय मी काढत नाही, तेही काढत नाहीत. तब्येत विचारली की "एकदम उत्तम" म्हणतात.

मागच्या महिन्यात आत्याच्या तोंडून निसटलं. बाबा पाच दिवस हॉस्पिटलमध्ये होते, छातीत दुखलं म्हणून. त्या रविवारीसुद्धा ते माझ्याशी बोलले होते, तिथल्या कॉटवरून. मला म्हणाले होते, भाजी आणायला निघालोय.

मी तणतणत फोन लावला. "मला का नाही सांगितलंत?"

"तू कामासाठी कॉव्हेंट्रीला गेली होतीस ना? म्हटलं, प्रवासात कशाला त्रास."

टोमणा नव्हता त्यात. अगदी मायेने म्हणाले. मला भांडायचं होतं, चांगलं खडसावायचं होतं. पण कुठल्या तोंडाने?