एक लुगडं पाणी, पाच लुगडी दोर

शाळा मी तिसरीपर्यंत केली. लिहिण्यात चुका निघतील, निघू देत. बायको जाऊन दिवाळीला वर्ष होईल. हे तिनंच सांगायला हवं होतं, कारण ह्यातली अक्कल तिची. मी नुसता दोर धरला.

दुसऱ्या लढाईच्या आधीची गोष्ट. मी मूळचा हिर्डोशीचा. वरंध्याकडचा डोंगरातला माणूस, पाण्यातलं मला काही कळत नव्हतं. भाटघरला धरणावर मजुरीला लागलो आणि तिथल्या साहेबांनी मला त्यांच्या मोटारबोटीवर घेतलं. ही बोट कामाची नव्हे, हौसेची. रविवारी साहेब, बाईसाहेब आणि पाहुणे थर्मासात चहा आणि मासे धरायचे गळ घेऊन निघायचे. मधे कुठंतरी इंजिन बंद करून बसायचं. बोट पुसायची, तेल भरायचं आणि थांबलेली बोट थांबलेलीच ठेवायची, हे माझं काम.

पगारापेक्षा मला खोलीचं अप्रूप होतं. पाण्याच्या कडेला एक पत्र्याची खोली मिळाली. लग्नाला चार वर्षं झाली होती, पण आम्ही दोघं एका छपराखाली धड सहा महिनेही राहिलो नव्हतो. मी जिथं काम मिळेल तिथं, ती हिर्डोशीला माझ्या आईजवळ. खोली मिळाली आणि ती बैलगाडीतून जातं घेऊन आली. दुसरं सामान म्हणावं असं काही नव्हतंच.

बोटीबरोबर लंगर आला नव्हता. साहेब म्हणाले, "सध्या काहीतरी जड बांध." आता डोंगरातल्या माणसाला जड म्हटलं की दगड सुचतो. आमच्याकडं वाऱ्यानं छपराचं गवत उडू नये म्हणून दगड, गंजीवर दगड, दाराला अडसर म्हणून दगड. जड ते जागचं हलत नाही, एवढंच मला ठाऊक. घरात सगळ्यात जड काय, तर जात्याची खालची तळी. बायको पाण्याला गेली होती. मी तळी उचलली, दोर बांधला आणि बोटीत टाकली.

पहिल्याच रविवारी फजिती. साहेबांनी आवडत्या जागी इंजिन बंद केलं, मी तळी सोडली, चहा ओतला गेला. दुपारी वारा सुटला. बोट अशी हळू चालली की कुणाला कळलंच नाही. बाईसाहेब म्हणाल्या, "अहो, ते झाड मघाशी डावीकडे होतं ना?" साहेबांनी मान वळवली, तोवर मागचा पंखा खडकाला घासला.

साहेब ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "पुढच्या रविवारी पुण्याचे पाहुणे आहेत. बोट पुन्हा हलली तर तू तुझ्या गावाला जा, मी दुसरा माणूस बघतो."

घरी आलो तर ती दारात उभी, सुपात नाचणी.

"जात्याची तळी कुठाय?"

"ही काय."

"हिला दोर कुणी बांधला?"

"म्या."

"आन हितं कड कशानं फुटली?"

"बोटीखाली हुती. खडकाला लागली."

"मग जावा, बोटीवरच भाकरी खावा."

मग मी साहेब काय म्हणाले ते सांगितलं. ती सूप घेऊन तिथंच उंबऱ्यावर बसली.

"म्हंजी मी परत हिर्डोशीला?"

"आन मी मुंबईला. गिरणीत."

बराच वेळ ती नाचणीतले खडे वेचत होती. मग म्हणाली, "बोट हुबी कुठं केली हुती?" मी जागा सांगितली. पलीकडं दोन टेकड्या जवळ येतात, त्याच्या समोर. तिला हसू आलं. "अवो, ती आमची खाचरं!"

तिचं माहेर वेळवंडी नदीच्या काठचं, वेल्ह्याच्या अंगाला. नवं धरण उंच झालं तशी त्यांची भाताची खाचरं पाण्याखाली गेली आणि माणसं वर सरकली. लहानपणी तिनं तिथं लावणी केलेली.

"तिथं गुडघ्याएवढा चिखल असतोय," ती म्हणाली. "लावणीआदी बा फळी फिरवायचा चिखल सारखा कराया. फळीवर सोता हुबा ऱ्हायचा, म्हागं मला घ्यायचा, तरी बैल फळी सरासरा वडायचे. चिखलात जड काय करतंय? जड घसरतं. रुतंल असं कायतरी बघा."

दुसऱ्या दिवशी मी धरणाच्या स्टोअरात गेलो. तिथले कारकून भोरचे, जीभ तिखट. म्हणाले, "काय रे, आज घरून काय आणलंस? पाटा की उखळ?" मी म्हटलं, लंगर द्या. त्यांनी कोपऱ्यातून दोन काढले. एक चार आकड्यांचा, विहिरीत पडलेली बादली काढतात तसला. दुसरा दोनच नख्यांचा, पण नख्या फावड्यासारख्या रुंद, आणि वरच्या टोकाला एक आडवा दांडा.

"चारवाला ने," कारकून म्हणाले. "चार हे दोनापेक्षा जास्त असतात, एवढं तरी शिकलास ना?"

"दोन्ही द्या. एक परत आणतो."

"आणि बायकोची संमती घेऊन ये हो!"

ते चेष्टेनं बोलले, पण मी तेच केलं.

पाण्याच्या कडेला चिखल होता. आम्ही दोघं त्यात उतरलो. आधी तळी ओढली. ती घसरत आली, मागं नुसता ओरखडा. मग चार आकडे ओढले. चिखलातून बोटं फिरवावीत तसे ते आले, वर शेवाळ घेऊन. मग दोन नख्यांचा टाकला. दांडा आडवा पडला आणि एका नखीनं आपोआप खाली तोंड केलं. ओढला तसा तो आत गेला. दोघांनी मिळून ओढला तसा आणखी आत. ती मागं बसकण मारून पडली तरी लंगर हलेना. चिखलात बसल्या बसल्या हसायला लागली.

पण तिथंही खोड निघाली. मी दोर खांद्यावर घेऊन जवळ उभा राहिलो आणि ओढला, तर लंगर सुटून वर आला. ती म्हणाली, "म्हागं सरा." मागं सरलो, पुन्हा ओढला. पुन्हा मागं. असं करत पंधरा हात मागं गेलो तेव्हा कुठं तो सुटायचा थांबला. माझा खांदा चिखलापासून तीन हात. तीन हाताला पंधरा हात दोर, म्हणजे पाचपट. हा हिशेब तिनं बोटांवर केला.

आता तिथलं पाणी किती खोल? शनिवारी मी बोट नेली आणि दगड बांधून सुतळी सोडली. दगड तळाला टेकला तिथं सुतळी तोडली आणि घरी आणली. घरात मोजायला काय, तर दोरीवर वाळत घातलेलं तिचं लुगडं. सुतळी लावून बघितली, तर ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत बरोबर. एक लुगडं पाणी. मग पाच लुगडी दोर. तिनं एक टोक धरलं, मी दुसरं, आणि लुगड्यानं दोर मोजून गाठ मारली.

रविवारी पाहुणे आले. मी नख्यांचा लंगर सोडला, बोट हळू मागं घेतली आणि सगळा दोर दिला. साहेब म्हणाले, "इतका कशाला सोडतोस?"

"एक लुगडं पाण्याला पाच लुगडी दोर लागतो साहेब."

पाहुणे चहा सांडेपर्यंत हसले. "कुणाचं लुगडं रे?" मी म्हटलं, माझ्या घरचं, नऊवारी. साहेब हसले नाहीत. पलीकडच्या झाडाकडं बघत राहिले.

दुपारी वारा आला, मागच्या रविवारपेक्षा जोराचा. दोर ताठ झाला, बोटीनं तोंड वाऱ्याकडं केलं. झाड होतं तिथंच राहिलं. दोन तास राहिलं. परतताना साहेब एवढंच म्हणाले, "हाच लंगर ठेव. आणि दोर कापू नकोस." खोली राहिली.

लंगर काढताना नखीवर काळा चिखल आला होता. मी तो फडक्यात बांधून घरी नेला. तिनं हातात घेतला, वास घेतला. "आमच्याच खाचरातला," म्हणाली. मला वाटलं रडेल. तिनं त्यात शेण कालवलं आणि चूल सारवली.

त्या खोलीत आम्ही अकरा वर्षं काढली. पोरं तिथंच झाली. मग उत्रोलीला घर बांधलं, तेव्हा ती जातं आणि चूल दोन्हीबद्दल भांडली. जातं आणलं. चूल आणता येत नाही, पण तिची माती तिनं खणून आणली आणि इथल्या चुलीत घातली.

थोरला म्हणतो, आता एकटे कशाला राहता, पुण्याला चला. मी जात नाही. सकाळी पसाभर नाचणी घेऊन जात्याशी बसतो. मला तिच्यासारखं बारीक जमत नाही, भाकरी चिरते. कड फुटलीय तिथून पीठ सांडतं. ती असती तर म्हणाली असती, तुमीच फोडली, आता भरा. मी हातानं भरतो.