रबरी पाइप

ब्रेक ऑइलचा वास आला की मी आजही महाल भागातल्या आमच्या गल्लीत, त्या जुन्या जीपपाशी जाऊन उभा राहतो. विजयनं, माझ्या धाकट्या भावानं, तिला हौसेनं रुंद चाकं बसवली होती. ब्रेक दाबला की ती डावीकडे ओढायची.

गाडीखालूनच त्यानं विचारलं, "दादा, ब्रेकचा उजवा पाइप बदलून पाहू काय गा?"

मी इंजिनीअर. त्या रबरी पाइपावरून फडकं फिरवून म्हणालो, "चांगला तर दिसून राहिला. स्टिअरिंगच ढिलं आहे, तेच टाइट कर."

त्यानं स्टिअरिंग टाइट केलं. चाकाखाली लिंबू ठेवून, ते चिरडून तो पारशिवनीला निघाला, तो परत आलाच नाही.

मेकॅनिकनं नंतर अपघातातल्या जीपचा तोच उजवा पाइप कापून दाखवला. आतून पार बुजलेला होता; उजव्या चाकाला ब्रेक लागतच नव्हता.

आई अजून म्हणते, "लिंबू बरोबर फुटलं नसन."

मी हो म्हणतो.