पेटीविना गायनपार्टी

रिठदच्या पंचफुलेला ढोलकी कोणी शिकवली नव्हती. माहेरी बाप भजनात वाजवायचा. तो शेतात गेला की ती हळूच ढोलकी काढून बोटं फिरवायची. सासरी हे कळलं ते बहात्तरच्या दुष्काळात. रस्त्याच्या कामावर खडी फोडताना तिच्या शेजारी गंगू आणि दुर्गाबाई बसत. दुर्गाबाईला अक्षरओळख नव्हती, पण हातोडा चालवता चालवता ती गाणी जुळवायची. मुकादमाच्या छत्रीवर, रेशनवर मिळणाऱ्या लाल मिलो ज्वारीवर, आटलेल्या विहिरीवर. गंगू ते टिपेच्या आवाजात उचलायची आणि पंचफुला डब्यावर ठेका धरायची.

पाऊसपाणी झालं, काम संपलं, तिघींचं गाणं मात्र सुरूच राहिलं. पंचफुलेचा नवरा इंद्रभान मजुरीवर जाणारा, मितभाषी माणूस. त्यानं वाशीमच्या बाजारातून जुनी ढोलकी आणली. कार्यक्रम असला की तोच ती सायकलला बांधून न्यायचा.

"बायको वाजवते अन् नवरा ओझं वाह्यते!" लोक हसायचे.

"तुमची वाजवत असन त तिचीबी वाह्यतो," इंद्रभान शांतपणे म्हणायचा.

चौदा एप्रिलच्या जयंतीची बोलावणी येऊ लागली, पण मोठी गायनपार्टी येईपर्यंत माणसं बसवून ठेवायला. सिनेमाच्या चाली नाहीत, साथीला पेटी नाही. "पेटी कुठी हाय वं?" असा आवाज मागून हमखास यायचा. त्यात पंचफुला गाण्याच्या मध्येच ढोलकीवरून हात उचलायची. तेवढा वेळ गंगूचा आवाज एकटाच उभा राहायचा. पुष्कळांना वाटे, बाई चुकली.

सत्त्याहत्तर साली केनवडच्या जयंतीला येणाऱ्या मोठ्या पार्टीची जीप वाटेत बंद पडली. तिघी दुपारपासून दिवस मावळेपर्यंत गायल्या. गाणी सरली तेव्हा दुर्गाबाईनं समोरच्या बायकांची नावं गुंफून नवी रचली. पुरुष कंटाळून उठले, बाया मात्र हलल्या नाहीत. धुरपताबाई नावाची म्हातारी पुढं येऊन म्हणाली, "माय, विहिरीचं अजून एकदा म्हण."

उशिरा पोचलेल्या पार्टीचे मुख्य गायक भगवंतराव कडेला उभे राहून ऐकत होते. "हात लय साफ हाय बाई तुमचा," ते पंचफुलेला म्हणाले. "आमच्यात या."

ती लगेच गेली नाही. पण वर्षभरात गंगूला दवाखान्यात नोकरी लागली, दुर्गाबाई लेकाकडे नाशिकला गेली. मग पंचफुला भगवंतरावांसोबत एक हंगाम फिरली. माईक होता, नवं लुगडं होतं, बिदागीही बरी होती. एके सकाळी ती एसटीतून उतरून घरी आली.

"सोडून आली मी," ती म्हणाली.

"काहून?"

"तिथं हात थांबवूच देत नाहीत. पेटी, बेंजो, सारं भरलेलं."

"बरं झालं. च्या टाकतो," इंद्रभान म्हणाला.

त्या हिवाळ्यात ती तूर कापायला जाऊ लागली. सांजच्याला अंगणात ढोलकी घेऊन बसायची. भाकरी उरकून शेजारणी येत. एखादी बिचकत एक ओळ म्हणे, दुसरी हसत हसत ती दुरुस्त करी, आणि पंचफुला मान खाली घालून ठेका शोधत राही.