विस्तिन आणि हौदातला करकोचा

माल्टाशेजारच्या गोझो बेटावर एखाद्याला पोहता येत नाही म्हटलं तर लोक समजून घ्यायचे. गाडी चालवता येत नाही म्हटलं की हसायचे. नादुरच्या बेकरीत भट्टीपुढे उभ्या राहणाऱ्या विस्तिनला दोन्ही येत नव्हतं. बाविसाव्या वर्षी त्याला दोनदा फेफरं आलं होतं आणि डॉक्टरांनी गाडीचा परवाना नाकारला होता. त्यानंतरच्या छत्तीस वर्षांत पुन्हा काही झालं नाही. पण विस्तिन परवाना मागायलाही पुन्हा गेला नाही. "एकदा नाही म्हणालेत ना," एवढंच तो म्हणायचा.

त्यामुळे पक्षी बघायचे ते बसनं जाऊन. बेटावरच्या बसगाड्या सायकलच्या चाकातल्या आऱ्यांसारख्या धावतात: प्रत्येक गावाहून निघालेली बस मध्यावरच्या रबातलाच येते. शेजारचं गाव समोर दिसत असलं तरी आधी रबातला जायचं, तिथं थांबायचं, आणि दुसऱ्या बसनं परत बाहेर पडायचं. विस्तिनला सगळ्या गाड्यांच्या वेळा पाठ होत्या, आणि त्या वेळा पाळल्या जात नाहीत तेव्हा साधारण किती उशीर होतो तेही पाठ होतं.

सप्टेंबर लागला की युरोपातून आफ्रिकेकडे निघालेले पक्षी बेटावरून जायला लागत. दक्षिणेचा दमट वारा सुटला की दमलेले पक्षी खाली उतरत. तेव्हा विस्तिन दुपारी बेकरीतून सुटला की दोनच्या बसनं रबातला आणि तिथून सन्नातच्या कड्यावर जायचा. रोज. पक्षी असोत नसोत, वारा कुठलाही असो, जागा तीच, दगड तोच. दुर्बीण पावाच्या पिशवीत असायची.

दुसऱ्यांना हा हट्ट वाटायचा, पण त्यात हिशेब होता. बेटावर निम्मी पुरुषमंडळी शिकारी. मोठा पक्षी कुठं उतरलाय हे त्यांना आभाळाकडे बघून कळण्याआधी पक्षी बघणाऱ्यांकडे बघून कळतं. दुर्बीणवाला एखाद्या झाडाकडे तोंड करून उभा राहिला, की त्या झाडावर काय आहे हे विचारावंच लागत नाही. गाडीवाला गुपचूप जाऊन येतो. पण बसनं जाणाऱ्याला अख्खी बस बघते, थांब्यावरचे लोक बघतात, रस्त्यानं चालताना खिडक्या बघतात. म्हणून विस्तिननं स्वतःला असं करून ठेवलं होतं की त्याच्या जाण्यायेण्यातून कुणाला काही कळूच नये. तीस वर्षं तो एकाच जागी गेला. पलीकडच्या घळीत काही उतरताना दिसलं तरी तो मान वळवायचा नाही. घरी येऊन वहीत लिहायचा, आणि सकाळी तिकडून बंदुकीचा बार ऐकू आला नाही की त्याला पाव गोड लागायचा.

त्या शुक्रवारी दुपारी सव्वा वाजताच्या सुमारास बेकरीतला फोन वाजला. झेब्बूजहून पावला बोलत होती. पावलाचा नवरा जिवंत असताना बेकरीला लाकूड पुरवायचा. तो जाऊन चार वर्षं झाली होती. दोन्ही मुलं ऑस्ट्रेलियात. ती एकटी गावाखालच्या घळीत टोमॅटो आणि कांदे लावून राहायची.

"विस्तिन, तुला पक्ष्यांतलं कळतं ना? माझ्या हौदात एक पाहुणा आलाय. काळा आहे. माझ्या कमरेएवढा. चोच लाल, पाय लाल. पाद्रीबाबांनी लाल मोजे घातल्यासारखा दिसतोय."

विस्तिनच्या हातातलं भट्टीतून पाव काढायचं फावडं तसंच राहिलं. "काळा करकोचा," तो म्हणाला. "उभा आहे की बसलाय?"

"उभा आहे. एका पायावर. उन्हाळ्यात पाणी आटलंय, घोटाभरच आहे. मी पाणी काढायला गेले तरी हलला नाही. मेलेला तर नाही ना रे?"

"दमलाय. तू परत तिकडे जाऊ नकोस. कुणाला बोलू नकोस."

"कुणाला बोलू? कांद्यांना?"

फोन ठेवल्यावर विस्तिननं विचार केला. घळीच्या वरच्या कडेला शिकाऱ्यांचे दगडी आडोसे होते. चारनंतर त्यात माणसं येऊन बसत. करकोचा तिथं उभा राहिला तर आज ना उद्या कुणाच्या तरी नजरेला पडणार. पहाटे वारा पडला की तो आपोआप निघून जाईल. प्रश्न फक्त आजच्या संध्याकाळचा होता. करकोच्याला मारायला कायद्यानं बंदी आहे, आणि बघणारा साक्षीदार समोर उभा असला की सहसा कुणी बार काढत नाही. म्हणजे तिथं कुणीतरी दिसेल असं उभं राहायला हवं होतं.

त्यानं पोलिसांना फोन केला. चौकीतली एकुलती जीप मिरवणुकीच्या बंदोबस्ताला गेली होती. परतली की पाठवतो म्हणाले. त्यानं माल्टातल्या पक्षीवाल्या मंडळींना फोन केला. त्यांच्याकडे गाडी होती, पण फेरीबोटीला शुक्रवारची रांग. दोन-तीन तास सहज लागतील म्हणाले. "तू जा, विस्तिन. तूच जवळ आहेस."

जवळ! बेकरीच्या गच्चीवरून झेब्बूजचं चर्च दिसायचं. विस्तिननं एक गरम पाव पिशवीत घातला, त्याखाली दुर्बीण घातली, आणि तो निघाला.

रबातच्या स्टँडवर तो सन्नातच्या गाडीसमोरून पुढे गेला आणि झेब्बूजच्या गाडीत चढला. ड्रायव्हर चेन्सू आरशातून बघत होता. चेन्सू त्याच्या बरोबरीचा. शाळेत एका बाकावर बसलेला.

"ए, ए! चुकलास गड्या. तुझी गाडी ती मागची."

"झेब्बूजला जायचंय."

"झेब्बूजला?" चेन्सू वळून बसला. "तीस वर्षांत तू सन्नात सोडून कुठं गेलेला मला आठवत नाही. तुझ्या आईच्या वर्षाच्या प्रार्थनेलासुद्धा तू सन्नातवरून आलास. काय उतरलंय तिकडे?"

गाडीत सात-आठ माणसं होती. पुढच्या बाकावर खरेदीच्या पिशव्या घेतलेल्या दोन म्हाताऱ्यांनी कान टवकारले. विस्तिननं पिशवी मांडीवर घट्ट धरली.

"काही नाही उतरलेलं. पावलाला पाव द्यायचाय."

"कुठली पावला? लाकूडवाल्याची?"

"हो."

"बेकरीची व्हॅन रोज सकाळी तिच्या दारावरून जाते आणि हा दुपारी बस बदलून तिला पाव द्यायला चाललाय!" चेन्सूनं स्टिअरिंगवर थाप मारली. "ऐकलंत का मावश्यांनो? आमच्या विस्तिनला अखेर कंठ फुटला!"

म्हाताऱ्या खुदकन हसल्या. एक म्हणाली, "चांगली बाई आहे. तिच्या हाताला चव आहे."

"कंबर दुखते जरा," दुसरी म्हणाली, "पण ह्यालाही कुठं नाचायचंय?"

एरवी विस्तिन खिडकीबाहेर बघत बसला असता. पण ह्या क्षणी त्याला वाटलं की देवानंच हे निमित्त हातात आणून दिलंय. बाईकडे चाललेल्या माणसाच्या पिशवीत दुर्बीण आहे का हे कोण बघतंय? आयुष्यात पहिल्यांदाच त्यानं चेष्टेला उत्तर दिलं.

"मग? माझं वय गेलं की काय?"

गाडीत हशा उसळला. चेन्सूनं हॉर्न वाजवून गाडी काढली. झेब्बूजच्या चौकात विस्तिन उतरला तेव्हा चेन्सू खाली उतरून कॉफी प्यायला चौकातल्या बारमध्ये शिरत होता. विस्तिननं ते पाहिलं. त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही.

घळीत उतरायला वीस मिनिटं लागली. पावला दारातच उभी होती. तिनं पाव हातात घेतला, दाबून बघितला, आणि त्याला खारूबाच्या झाडामागून हौदाकडे नेलं.

करकोचा तिथंच होता. तीस वर्षांत विस्तिननं चार काळे करकोचे पाहिले होते, चारही आभाळात, टाचणीएवढे. हा पंचवीस पावलांवर उभा होता. काळ्या पाठीवर उन्हात हिरवा आणि जांभळा रंग हलत होता. त्यानं डोळा उघडला, दोघांकडे पाहिलं, आणि परत मिटला. विस्तिननं दुर्बीण बाहेर काढलीच नाही.

"मी असा बांधावर बसतो," तो हळू आवाजात म्हणाला. "वरून दिसेन असा. अंधार पडला की तो सुरक्षित."

"तोवर इथंच?"

"तोवर."

"मग खुर्ची आणते. बांधावर बसलास तर तुलाही कंबरेचं दुखणं लागेल."

तिनं खुर्ची आणली, टोमॅटो चोळलेला पाव आणला, आणि स्वतः उंबऱ्यावर कांदे निसत बसली. चार वाजले. साडेचार वाजले. वरच्या आडोशांतून कुणीतरी शिंकलं. कुत्रं भुंकलं. पण विस्तिन उघड्यावर बसलेला होता, आणि कुणी काही केलं नाही. पाचाला दहा मिनिटं असताना करकोच्यानं दुसरा पाय खाली घेतला, पाण्यात चोच बुडवली, आणि काहीतरी गिळलं. विस्तिनला वाटलं, आता जमलं. दोन तास फक्त.

तेवढ्यात रस्त्यावरून हॉर्न ऐकू आले.

इथं लग्नाची गाडी गावातून जाते तेव्हा हॉर्नवरचा हात काढत नाहीत. तसाच अखंड हॉर्न वाजवत एक पिकअप घळीत उतरत होता. पुढे पांढरी फीत बांधलेली, मागे दोन जण उभे, एकाच्या हातात वाइनची बाटली. गाडी चालवत होता लेली, पावलाच्या नवऱ्याचा पुतण्या, फरश्या बसवणारा. बारमध्ये चेन्सूची कॉफी संपायच्या आत बातमी गावभर झाली होती.

"काकू! नवरदेव कुठाय?" लेली खिडकीतून ओरडला. "घरच्यांना न विचारताच?"

विस्तिन उठून दोन्ही हात हलवत धावला. त्यांना वाटलं लाजतोय. त्यांनी आणखी जोरात हॉर्न वाजवला.

करकोचा उडाला. आधी पाणी उडालं, मग दोन मोठे काळे पंख उघडले, आणि पोटाचा पांढरा भाग सगळ्यांच्या डोक्यावरून गेला. मागच्या दोघांची तोंडं उघडीच राहिली. लेलीचा हात हॉर्नवरून आपोआप निघाला. उन्हाचा जोर गेलेला होता, वर उचलणारी हवा नव्हती. करकोचा जड पंख मारत घळीवर एक फेरी मारून उत्तरेच्या कडेकडे गेला. कडेच्या पलीकडे गेला. दिसेनासा झाला.

मग दोन बार झाले. एकामागोमाग एक.

पावलाच्या मांडीवरचे कांदे खाली घरंगळले.

"विस्तिन," लेली खाली उतरत म्हणाला, "तू ह्याच्यासाठी आलावतास होय?"

"लेली, गाडी काढ. वर चल. पाच मिनिटं लागतील."

लेलीनं कडेकडे पाहिलं, मग आपल्या बुटांकडे.

"लेली, मी हात जोडतो. चालत मला अर्धा तास लागेल. तोवर काही राहणार नाही तिथं."

"वर कोण आहे ते मला माहीत नाही."

"तुला माहीत आहे. गावात सगळ्यांना माहीत आहे."

"मला माहीत नाही, आणि तुलाही नाही," लेली हळूच म्हणाला. "माझी गाडी वर दिसली आणि शेजारी तू बसलेला, तर? मला ह्या गावात राहायचंय, विस्तिन. तू बसनं नादुरला जाशील."

"ने रे त्याला," पावला म्हणाली.

"काकू, तू मधे पडू नकोस." त्यानं पांढरी फीत सोडायला घेतली, गाठ सुटेना. "आधी सांगायचं होतंस. मला एक शब्द टाकला असतास तर मी हॉर्न वाजवला नसता."

सांगितलं असतं तर तो हॉर्नशिवाय आला असता, की बंदूक घेऊन आला असता, हे विस्तिननं त्याच्या चेहऱ्यावर शोधून पाहिलं. लेली गाठीकडेच बघत होता.

विस्तिन चालत निघाला. चढावर त्याला धाप लागली, भट्टीच्या धुरानं छातीत भरलेलं सगळं वर आलं. वर पोचला तेव्हा आडोसे रिकामे होते. एकात थर्मासच्या झाकणात कोमट कॉफीचा तळ होता, दुसऱ्यात कुत्र्याच्या पायांचे ठसे. त्यानं झुडपं हलवून पाहिली, दगडी बांधांच्या पलीकडे वाकून पाहिलं, समुद्राकडच्या कड्यापर्यंत गेला. लावा पक्ष्याची दोन-चार पिसं मिळाली. काळं पीस एकही नाही. पांढरं नाही. समुद्र रिकामा होता. करकोचा इथून वाचून गेला की उचलून गाडीच्या डिकीत गेला, हे ह्या रिकामेपणावरून सांगता येत नव्हतं.

तो खाली आला तेव्हा पोलिसांची जीप पावलाच्या दाराशी उभी होती. पिकअप गेला होता. हवालदार तरुण होता, नम्र होता. टोपी काढून पावलानं दिलेलं पाणी पीत होता.

"तुम्हीच विस्तिन? बसा, काका. काय पाहिलंत ते सांगा."

विस्तिननं सगळं सांगितलं. हवालदार लिहीत गेला.

"पक्ष्याला गोळी लागलेली तुम्ही पाहिलीत?"

"नाही. तो कडेपलीकडे गेला होता."

"पडताना?"

"नाही."

"बार कुणी काढला ते?"

"नाही. पण दोन ऐकले. हिनंही ऐकले."

"लावे मारायला सध्या परवानगी आहे, काका. बार तर होणारच." तो खरोखर ओशाळला होता. "शेवटी पाहिलात तेव्हा तो उडत होता?"

"हो."

"धडधाकट?"

विस्तिननं वर कडेकडे पाहिलं. "हो."

हवालदारानं कागद फिरवून त्याच्यापुढे ठेवला. विस्तिननं चष्मा लावून वाचला. साक्षीदारानं पक्षी जिवंत व निरोगी अवस्थेत उत्तर दिशेस उडून जाताना पाहिला. त्यानंतर काही पाहिलं नाही. त्यानं दुसऱ्यांदा वाचला. खोडावा असा एकही शब्द त्यात नव्हता. सगळं त्यानंच सांगितलं होतं.

"दोन बार ऐकले, तेवढं तरी लिहा."

"लिहितो की." हवालदारानं खाली लिहिलं: लाव्यांच्या शिकारीचे बार ऐकू आले.

"लाव्यांचे, असं मी म्हणालो नाही."

"मग कशाचे लिहू?"

विस्तिननं पावलाकडे पाहिलं. पावला हौदाकडे बघत होती. तिथं घोटाभर पाणी अजून गढूळ होतं. हवालदार सहीसाठी पेन पुढे धरून वाट बघत राहिला, आणि शेवटी विस्तिननं ते घेतलं.