मोत्याचं थडगं

दुपारचं जेवण उरकून मी पडवीत आडवी होते. माडांची सळसळ कानावर येत असते. मग ती कापड फाडल्यासारखी वाटू लागते, आणि खरंच कोणीतरी कापड फाडत असतं. पडवीची वखार झालेली आहे. मिरीचा वास नाकात झणझणतो.

गठ्ठ्यांवर एक गोरा म्हातारा बसलाय. मी त्याला ओळखते. खाडीवर ज्याचं थडगं मी झाडते, तोच हा इंग्रज व्यापारी. त्याच्या माणसांचं राज्य यायच्या कितीतरी आधी इथे आलेला.

"बस, बाय," तो म्हणतो. मराठीच बोलतो, पण जिभेखाली खडा असल्यासारखी.

"बसते तर. तुमच्यावरचं गवत काढून काढून कंबर गेली माझी."

"माझं राहू दे. शेजारच्या लहान थडग्यावर भाकरी का ठेवतेस?"

"तुमच्या कुत्र्याला. मोत्याला. गावात कुणाचा कुत्रा आजारी पडला की ठेवतात तिथे."

तो वखारीचं दार ढकलतो, तर आत माझंच स्वयंपाकघर. चुलीपाशी चार-पाच वर्षांची एक पोर बसली आहे. केस तांबूस, नाकात चमकी. ती मुकाट्याने शिळी भाकरी खातेय.

"माझी मुलगी. मी नाव ठेवलं मार्गारेट. तिची आई आवडी, तिनं विचारलं, म्हणजे काय? मी म्हटलं, मोती. मग सगळी वाडी तिला मोतीच म्हणायची."

म्हणजे ते लहान थडगं हिचं. मोतीचा मोत्या आम्हीच केला.

"आवडी कुठाय?"

"किनाऱ्यावर जाळली. तिला दगड नाही. विलायतेत माझी लग्नाची बायको होती, दोन मुलगे होते. माझ्या दगडावर त्यांचीच नावं आहेत. त्या मुलांचे चेहरे मला आठवत नाहीत. हिचा आठवतो." तो माझ्याकडे बघतो. "तुला अक्षरं येतात ना?"

"साठी उलटल्यावर शिकले. वेलांटी चुकते अजून."

"चुकू दे."

चूल नाही आता. आम्ही तिघं खाडीवर आहोत, ओहोटी लागलीय. लहान दगडावर ओलं शेवाळ चढलंय. त्यात मी बोटाने लिहिते: मोती.

पोर वाकून बघते. "हे माझं की कुत्र्याचं?"

"तुझंच गं, बाय."

"मग आईचं पण लिही."

मी अ काढते. काना देते. पुढचा व काढायला बोट टेकते, आणि जाग येते.

पडवीत ऊन आलंय. वैशाखात खाडीवरचे दगड तापून पांढरे पडलेले असतात, शेवाळ औषधालाही सापडत नाही. माझ्या उजव्या हाताच्या बोटाच्या नखात ते दाटून बसलंय. हिरवं, आणि अजून ओलं.