घरोघरून पोरी आणणारी मावशी

"हजरी घेऊ नका, एक यायची राहिली!"

दारात उभी राहून, ओला पदर कमरेला खोचत मावशी रोज सकाळी हे म्हणायची आणि रोज सकाळी माझं डोकं उठायचं. प्रार्थना होऊन गेलेली असायची, पाढे सुरू झालेले असायचे, आणि ही बाई मागे पंधरा-वीस मुली घेऊन उभी. बरं, जी राहिली असेल तिला आणायला ती पुन्हा निघायची. मी "मावशी, अहो मावशी" करत राहायची, तोवर ती गल्लीच्या टोकाला.

पोलीस अ‍ॅक्शनला दोन-तीन वर्षं झाली होती. छावणीजवळच्या गल्लीत तीन खोल्यांची आमची मुलींची शाळा, आणि तिची मुख्याध्यापिका मी. वय बावीस. माझं सगळं शिक्षण निजामाच्या राज्यात उर्दूतून झालेलं. आता मराठीतून शिकवायचं म्हणून मीच घरी धडा चारदा वाचून जायची. तेव्हा मुली एकट्या रस्त्यानं फिरत नसत. त्यांना घरून आणायचं आणि परत पोचवायचं, यासाठी मावशी होती. जुन्या शहरात वाढलेल्यांना अशी एखादी बाई आठवत असेल. पण इतकी हट्टी बाई तुमच्या वाट्याला आली नसणार.

मला ती निजामाच्या काळातल्या शिक्षिकेसारखं 'उस्तानीबाई' म्हणायची.

"मावशी, ते राज्य गेलं. नुसतं बाई म्हणा."

"व्हय, उस्तानीबाई."

उशीर का होतो म्हणून एकदा मी तिच्याबरोबर फिरले. पहिल्याच घरी मुलीची आई म्हणाली, पाणी कोण भरणार? मावशीनं एक शब्द न बोलता घागर उचलली, नळावर जाऊन चार खेपा केल्या, आणि मुलीचा हात धरून बाहेर पडली. दुसऱ्या घरी तिनं भांडी घासली. तिसऱ्या घरी बाप म्हणाला, आज पाठवायची नाही. मावशी त्याच्या चुलीपाशी बसली ती हललीच नाही. "मला काय घाई नाय," म्हणाली. घाई मला होती! शाळेला कुलूप होतं आणि किल्ली माझ्याकडे.

खोटं तर ती इतक्या सहज बोलायची की ऐकत राहावं. एका घरी सांगितलं, शाळेत फक्त शिवण शिकवतात. दुसऱ्या घरी सांगितलं, पोरगी आली नाही तर साहेबाची जीप येते. एके दिवशी बुरखा घातलेली एक म्हातारी दोन नाती घेऊन माझ्यापुढे उभी राहिली. "आपके यहाँ उर्दू पढ़ाते ना रोज एक घंटा? वो बाई बोली." मी मावशीकडे पाहिलं. मावशी भिंतीकडे बघत होती.

म्हातारी गेल्यावर मी चांगलीच तडकले. "मावशी, हे कुठल्या तोंडानं सांगितलंत?"

"मग शिकवा की," ती म्हणाली. "येतंय न्हवं तुमाला? आलेलं वाया कशाला घालवता?"

दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटल्यावर मी एक तास उर्दू शिकवू लागले. घरी जायला उशीर झाला की आई विचारायची, आणि मी मावशीच्या नावानं बोटं मोडायची.

मावशी मूळची पिशोरची. रझाकारांच्या धामधुमीत गाव सोडून ही माणसं घाट उतरून खानदेशात पळाली होती. तिथल्या निर्वासितांच्या छावणीत तिचा नवरा पटकीनं गेला. परत आली तर शेत थोरल्या दिरानं कसायला घेतलेलं. मग डोळ्यांनी अधू झालेली सासू आणि एक लेक घेऊन ती शहरात आली. हे तिनं मला कधी सांगितलं नाही, दुसऱ्यांकडून कळलं. लेक आहे हे कळलं तेव्हा मात्र माझा तोल गेला. अकरा वर्षांची मुलगी, आणि ती हिमरूच्या शाली विणणाऱ्याच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरायला जात होती.

"लोकांच्या पोरी ओढून आणता आणि स्वतःची घरी ठेवता?"

"घरी कुठं? कामाला जाती," ती म्हणाली. "माज्या एकटीच्या पगारात तीन तोंडं भागत नायत, उस्तानीबाई. तुमी पाढे घ्या."

मी आठ दिवस तिच्याशी बोलले नाही. तिच्या ते लक्षातही आलं नसावं.

मग एके सकाळी ती आलीच नाही. शाळेत सात मुली. दुसऱ्या दिवशी पाच. तिसऱ्या दिवशी मी संतापून तिच्या खोलीवर गेले. दारात मोठे जोडे होते. आत थोरला दीर पान लावत बसलेला. करमाडच्या एका बिजवराशी त्यानं पोरीचं लग्न ठरवलं होतं आणि न्यायला आला होता. मुलगी कोपऱ्यात गुडघ्यांत तोंड घालून बसली होती.

आणि मावशी? शहरातल्या निम्म्या बापांना नमवणारी ती बाई हनुवटीपर्यंत पदर ओढून खांबाआड उभी होती. मला तिला गदागदा हलवावंसं वाटलं.

मीच बोलायला लागले, आणि सगळं बिघडवलं. कायदा सांगितला, शिक्षणाचं महत्त्व सांगितलं. दिरानं शांतपणे विचारलं, "तुमी कोण हिच्या?"

तेव्हा खांबाआडून आवाज आला.

"भावजी, घाटात ह्यांचे पाय चालंनात, तव्हा तुमी पुढं गेलात. मी हाका मारल्या. तुमी मागं वळून बी पाहिलं नाय." पदर तिनं कधी मागे सारला ते मला दिसलं नाही. "तसंच आता जा. पोरीसाठी बी वळू नका."

मग म्हातारी सासू चाचपडत उठली, दारापर्यंत गेली आणि लेकाचे जोडे पायानंच बाहेर सरकवले. दीर निघून गेला. म्हातारी दिवसभर रडली. तोही तिचा लेकच होता.

दुसऱ्या दिवशी मावशीची लेक पहिलीत बसली, सगळ्यांहून हातभर उंच. आता मी सुखी झाले असेन असं तुम्हाला वाटेल. छे! लेकीच्या वाटणीच्या कांड्या मावशी शाळेच्या ओसरीवर बसून भरू लागली. भर तासाला चरख्याची घरघर. मी नियम दाखवला. तिनं मान हलवली आणि चरखा फिरवत राहिली. तपासनीस आले, त्यांनी विचारलं, हे काय? मी तोंड उघडायच्या आत मावशी म्हणाली, "हस्तकला, साहेब." त्यांनी शेरा चांगला दिला. मला दोन दिवस जेवण गेलं नाही.

लेक हुशार नव्हती, चिवट होती. नापास झाली, पुन्हा बसली. शेवटी सरकारी दवाखान्यात नर्स झाली. मावशीला निदान सही शिकवावी म्हणून मी फार डोकं आपटलं. "माजा अंगठा झिजला नाय अजून," एवढंच तिचं उत्तर.

ती आजारी पडली तेव्हा लेकीच्याच वॉर्डात होती. मी शाळेतून अर्ध्या दिवसाची सुट्टी घेऊन भेटायला गेले. हातपाय वाळलेले, पण मला बघताच उठून बसली.

"आज कोणता वार हाय?"

"बुधवार."

"मग हितं काय करायल्यात? पोरी कुणाच्या जिवावर सोडल्या?"

मोसंबी खाली ठेवायलाही तिनं मला उसंत दिली नाही. मी तणतणत परत आले. मुद्दाम रविवारपर्यंत गेले नाही.

रविवारी गेले तर तिच्या रिकाम्या खाटेवर नवी चादर अंथरलेली होती, कोपरे घट्ट दुमडलेले. शेजारच्या खाटेपाशी पांढऱ्या कपड्यांत तिची लेक उभी होती, दुसऱ्याच कुणाचा ताप तक्त्यावर लिहीत. मी आल्याचं तिला कळलं होतं. तिनं तो आकडा लिहून पुरा केला, पेन खिशाला लावलं, आणि मग माझ्याकडे पाहिलं.