मेहबूबचाचांचा न फाटणारा कागद

चिंध्यांपासून कागद बनतो तिथे किस्सेही चिंध्यांसारखेच साठतात. कोण टाकून गेलं ते आठवत नाही, ढीग मात्र वाढतो. पन्नास-बावन्न साली जुन्नरच्या हातकागदाच्या कारखान्यात मी कागद दगडाने घोटून गुळगुळीत करायचो. हौदातल्या लगद्यातून तो चाळणीवर उचलायचे मेहबूबचाचा. आमचे उस्ताद!

एकदा शाळेच्या मास्तरांनी पैज लावली, हाताने केलेले दहा कागद एका वजनाचे निघणारच नाहीत. चाचांचे दहा कागद पोस्टातल्या काट्यावर एकेक करून तोलले. वजनात फरक नाही!

"चाचा, काटा बिघडलाय."

"मंग समद्या गावाची टपालं चुकली म्हना की, मास्तर!"

पुढे मिलचा कागद आला. ओतूरच्या बाजारात कागद विकणारे चुनीलाल शेठ आमचं मोठं गिऱ्हाईक. ते मिलचा एक ताव घेऊन आले. "एवढा पांढरा जमंल, चाचा?"

चाचांनी तो उजेडात धरला. "पांढरं तर कफन बी असतंय, शेठ!"

आम्ही खो खो हसलो. हसायला नको होतं, राव.

चाचांनी मग शेठच्या दुकानातच सामना लावला. भर बाजारात दोन्ही कागद घागरीत बुडवले. दुपारी काढले तर मिलचा हातात तुटला. चाचांचा मात्र भिंतीवर वाळवला आणि त्यावर लिहिलं. लोक म्हणाले, "लई भारी!" शेठनी स्वतः चहा पाजला.

"जिंकलात तुमीच. पन गिऱ्हाईकाला कागद भिजवायचा नसतोय हो, चाचा."

त्या वर्षी शेठनी सगळी ऑर्डर मिलला दिली.

एकेक जण गेला. कुणी बोरी गावाला कांदे काढायला, कुणी एसटीत. माझंही घोटणं थांबलं. चाचा एकटेच रोज चार कागद उचलायचे.

"कुनासाठी, चाचा?"

"हात इसरत्याल म्हनून."



शेवटी घर चालेना. एका ऑफिसात शिपायाची जागा निघाली. चाचांनी आपला सगळ्यात चांगला कागद निवडला, मी अर्ज लिहिला. आम्ही दोघे गेलो. क्लार्कने अर्ज बोटांनी चाचपला आणि परत सरकवला.

"हे काय आणलंय? चांगल्या कागदावर लिहून आणा."

चाचांनी अर्जाची घडी घातली आणि सरळ ओतूरची एसटी धरली. मी मागोमाग. दुकानात बाजाराची गर्दी होती. शेठ उठून म्हणाले, "या उस्ताद! काय देऊ?"

"एक कागद द्या, शेठ. भिजला की फाटनारा."